पेपरसाठी परदेशी

परदेशी न जाता परदेशी जाण्याची इतकी तयारी केलेला माणूस पनवेलमध्ये दुसरा सापडणार नाही. आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे हे सर एका इंजिनिअरिंग कॉलेजात एम.टेक.च्या मुलांना कॉम्प्युटर शिकवतात. आपल्या एका तरी विद्यार्थ्याने परदेशातल्या परिषदेत उभे राहून शोधनिबंध वाचावा, एवढीच त्यांची इच्छा आहे. त्यासाठी घरात एक निळी बॅग तयार असते. विमानतळाच्या पट्ट्यावर ओळखू यावी म्हणून तिच्या मुठीला लाल रिबीन बांधली आहे. बॅग अजून रायगड जिल्ह्याबाहेर गेलेली नाही. रिबीन मात्र दर दिवाळीला बदलते. आत जाड स्वेटर, मेतकुटाची पुडी आणि सरांच्या अक्षरातला एक कागद असतो: ‘प्रश्न कळला नाही तर हसू नये. पुन्हा विचारावे.’

तालीम सरांच्या घरीच होते. विद्यार्थी निबंध वाचतो आणि सर पाच खुर्च्या बदलत पाच देशांचे श्रोते होतात. जपानी श्रोता आधी वाकतो, जर्मन घड्याळ पाहतो. फ्रेंच श्रोत्याचे इंग्रजी मला उरणचे वाटले. तसे म्हटल्यावर सर म्हणाले, “तुम्ही गेला आहात का फ्रान्सला? मग?” तेही गेलेले नव्हते.

दोन वर्षांपूर्वी एका मुलीचा निबंध खरोखरच स्वीकारला गेला. मुलगी उरणजवळच्या मोऱ्याची, वडिलांची होडी, आई मासे विकणारी. परिषद युरोपात, दोन महिन्यांवर होती. लेखकाने स्वतः येऊन वाचला नाही तर निबंध संग्रहातून वगळला जाईल, अशी अट होती. आणि व्हिसासाठी कॉलेज खर्च करणार असल्याचे पत्र हवे होते. सरांनी अर्ज लिहिला आणि नेहमीप्रमाणे भाषा तपासायला माझ्याकडे आणला. मी आयुष्यभर वर्तमानपत्रात दुसऱ्यांचा मजकूर तपासला आहे. जड शब्द दिसला की हात आपोआप चालतो. ‘शोधनिबंधाचे सादरीकरण’ खोडून मी ‘पेपर’ केले. सर म्हणाले, “वा! सुटसुटीत झाले.”

आठ दिवसांनी संस्थेच्या कमिटीची मीटिंग होऊन मंजुरी आली. ‘सदर विद्यार्थिनी परदेशातील पेपरला बसून उत्तीर्ण झाल्यास, गुणपत्रिका जोडल्यावर खर्च देण्यात येईल.’

आम्ही दोघे संस्थेच्या अध्यक्षांकडे गेलो. अध्यक्ष गव्हाणचे, घरची मिठागरे होती, आता इमारती बांधतात. मनाने मोकळा माणूस.

“मास्तर, पोरीला पाठवाला आमी नाय कुठं म्हणतो? पन येवढ्या लांब जाऊन नापास झाली तर?”

“शेठ, ही परीक्षा नाही.”

“मग पेपर कसला?”

सरांनी अर्धा तास समजावले. शेठनी चहा मागवला, सगळे ऐकले.

“आवो, असं लिवायचं ना मग! नवीन अर्ज द्या. पुढच्या मीटिंगला घेतो.”

“पुढची मीटिंग तीन महिन्यांनी आहे, शेठ. आत्ता सही केलीत तर—”

“कमिटीचा ठराव हाय. मी एकटा नाय मोडत. उद्या तुमीच नावं ठेवाल.”

निबंध स्वीकारला गेला तेव्हाच सरांनी निळी बॅग मुलीकडे देऊन ठेवली होती; ती मोऱ्याला तिच्या घरी होती. परिषदेच्या दिवशी, तिकडे सकाळी तिची वेळ होती त्याच वेळी, म्हणजे इथे दुपारी, सरांनी तिला घरी बोलावले. ती बॅग घेऊन आली. रिबीन जशीच्या तशी होती. सरांनी टाय बांधला होता. मी एका खुर्चीवर बसलो, सर दुसऱ्या. तिने वीस मिनिटे न अडखळता वाचले आणि वाट पाहत उभी राहिली. सर खुर्चीवरून उठले नाहीत.

“सर, प्रश्न?” तिने विचारले.

“प्रश्न नाहीत. निबंध चांगला आहे.”

निबंध वगळला गेला. मुलीने ऐरोलीत नोकरी धरली. पुढे संशोधन करणार होती, ते राहिले. त्यानंतर नव्या अर्जाच्या मंजुरीचे पत्र आले. भाषा निर्दोष होती.

परवा सर नवा अर्ज घेऊन आले. विद्यार्थ्याच्या नावाची जागा कोरी होती. “कुणीतरी निघेल,” ते म्हणाले, “आधी मंजुरी तर घेऊन ठेवू.” मी अर्ज दोनदा वाचला. ‘शोधनिबंधाचे सादरीकरण’ तीन ठिकाणी होते. एकही शब्द न खोडता मी तो त्यांना परत दिला.