चतुर्थीची ओहोटी

आज भाचीची सायकल धुताना टायरच्या खाचांतून खाडीच्या चिखलाचा वास आला आणि मी वीस वर्षे मागे, गोराईच्या धक्क्यावर जाऊन पोहोचले.

बोरिवलीहून जव्हारच्या डोंगरांपर्यंत चार दिवसांची माउंटन बाईकची सफर मी प्रथमच आखली होती. नकाशावर दोरा ठेवून प्रत्येक वळण मोजले होते. रविवारी सकाळी नऊची होडी चुकली, तर अंधारापूर्वी पहिला मुक्काम गाठणे अशक्य होते. म्हणून मैत्रीण नीलमसह मी धक्का पाहायला आले होते.

टोपली घेऊन बसलेल्या कोळीण मावशींनी आमचा सायकलींचा बेत ऐकून विचारले, "रविवारी तिथी कुठली?"

"संकष्टी. माझा उपास," नीलम म्हणाली.

"मग सायकली डोक्यावर घेऊन चिखल तुडवा! तिथीची पाऊणपट करायची. चाराचे तीन. तीनला भरती, म्हणजे नऊला ओहोटी; होडी धक्क्याला लागायची नाही."

नीलम खो खो हसत सुटली. "अगं, आठवीला भरती-ओहोटी तूच शिकवतेस ना?"

मी शरमून वही उघडली. सफर एक आठवडा पुढे ढकलली, तर एकादशी; अकराची पाऊणपट सव्वाआठ. नऊला पाणी भरलेले!

"म्हणजे माझा पुन्हा उपास?" नीलम किंचाळली. मावशींच्या हसण्याने टोपली हलली.

तेव्हा ती मला माझी फजिती वाटली होती. आज वाटते, त्या सफरीतला उत्तम धडा मला निघण्यापूर्वीच मिळाला होता. एकादशीला आमच्या सायकली कोरड्या चाकांनी होडीत चढल्या आणि नीलमने पहिला घाट राजगिऱ्याच्या लाडवांवर, मला शिव्या देत पार केला.