महाकाली दरवाज्यावरचं कुंकू

माही नात अकोल्याले कॉलेजात शिकते. तिले एका जुन्या दगडी बांधकामाचे फोटो काढून त्याचा इतिहास लिहाचा होता. ते फोटो कॉलेजात भिंतीवर लागनार होते. तिनं नरनाळा किल्ल्याचा महाकाली दरवाजा धरला. पोरगी एकटी डोंगरावर कशी जाईल, म्हनून पोरानं मले संग धाडलं.

अकोटाच्या पुढं गाडीत ती सांगत होती, दरवाजा पाचशे वर्षांचा हाये, वरतं फारसी अक्षरं हायेत, कोनं बांधला ते त्यात लिवलं हाये. मी हो हो केलं. माह्या डोक्यात एकच नाव बसलं होतं, महाकाली. देवीले जाचं तं रिकाम्या हातानं कसं जाव? पिशवीत हळदकुंकवाची पुडी अन् तेलाची शिशी मीनं घरूनच घेतली होती.

दरवाजा पाह्यला अन् मी खालीच बसली. दुष्काळात मीनं खडी फोडली हाये. पाठीले लेकरू, हाताले फोड, तोंडात दगडाची भुकटी. दगड म्हनजे फोडाचा, एवढंच मले मालूम. अन् इथं तशाच दगडातून कोनंतरी कमळ काढलं होतं. हात लावला तं पाकळी न् पाकळी बोटाले लागे. देवीची मूर्ती कुठं दिसत नोती. मले वाटलं, हेच ठानं असंल. कमळाले तेल लावलं, हळदकुंकू भरलं अन् हात जोडले.

नात तवा दूर उभी राहून पुरा दरवाजा फोटोत घेऊन राहिली होती. कमळाचा जवळचा फोटो तिनं उन्हासाठी ठेवला होता. ऊन आलं तशी ती आली. पाह्यलं.

मांगून चौकीदार आला. तो तिलेच म्हने, "ताई, एवढ्या शिकल्या तुमी, अन् आजीले इतकं नाई सांगता आलं?"

"चूक माही हाये, भाऊ," मी म्हनलं. "तिले काहून बोलता?"

"तुमाले काय बोलू, आजी."

मले बोलला असता तं बरं झालं असतं. मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या, तवा मान खाली नाई गेली. त्या दिशी गेली. पदरानं पुसाले गेली तं तेलासंग कुंकू दगडात अजूनच मुरलं.

"राहू दे आजी, घासू नको," नात म्हने.

चौकीदारानं फोटो बंद करवले. आमी उतरलो. गाडीत ती खिडकीकडं पाहत होती.

कॉलेजात तिचा दुरूनचाच फोटो लागला. मीबी पाहाले येते म्हनलं, तं मोबाईलातून मान वर न करता म्हने, "तिथं लई पायऱ्या हायेत, आजी. तुह्याच्यानं चढनं होनार नाई."

बरं, म्हनलं. तिचं नाव घालाच्या वक्ती मी त्या कॉलेजात गेली होती. पायऱ्या नाईत तिथं.