एका ढोकरीच्या दोन नोंदी

मी एका पक्ष्याचे दोन पक्षी केले आणि त्यातल्या दुसऱ्याला मारायला बंदूकवाल्याला स्वतः पत्र लिहून बोलावलं.

तीस सालानंतरची गोष्ट. रेवदंड्याजवळ खाडीकाठच्या एका गावात मी शाळामास्तर होतो. मूळचा घाटावरचा, त्यामुळे खाडी म्हणजे माझ्या लेखी नुसता चिखल. पण पहिल्याच दिवाळीच्या सुमारास त्या चिखलावर पाहुणे पक्षी उतरले आणि मी खुळावलो. शेपटी नाचवणारे परीट आले, पाण्याच्या कडेने लगबगीने धावणाऱ्या तुताऱ्या आल्या. मिठागरात लाल काटक्यांवर उभे केल्यासारखे शेकाटे दिसू लागले. मी एक जुनी दुर्बीण मिळवली. तिच्या उजव्या डोळ्यात कायमचं धुकं होतं. एक वहीही सुरू केली. पक्षी कुठे दिसला, रंग कोणता, पाय कसे, सगळं त्यात टिपायचं.

वहीतली माझी लाडकी नोंद ढोकरीची, म्हणजे मातकट रंगाच्या छोट्या बगळ्याची. खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधाला लाकडी झडप असते, तिला उघाडी म्हणतात. ओहोटीला शेतातलं पाणी तिच्यातून बाहेर पडतं आणि त्याबरोबर बारीक मासळीही. तिथल्या खुंटावर ही ढोकरी मातीच्या ढेकळासारखी बसायची, दहा पावलांवर गेलो तरी दिसायची नाही. मग ढेकूळ एकदम उडायचं आणि उडताना पांढरंशुभ्र व्हायचं. शंभरदा पाहिलं तरी मी तेवढाच दचकायचो.

मे महिन्याच्या सुट्टीत मी घाटावर घरी गेलो. परत आलो तो त्याच खुंटावर वेगळंच ध्यान. पाठ पिकल्या जांभळासारखी, डोकं आणि मान हळदीच्या हाताने पुसल्यासारखी पिवळसर, मागे पांढरी लांब शेंडी. ढोकऱ्या मात्र गावात औषधालाही नाहीत. मी अनुमान काढलं की ढोकरी पावसाळ्यात गाव सोडते आणि तिच्या जागी हा येतो. त्याचं नाव मीच ठेवलं, जांभळपाठ्या. चौथीच्या वर्गाला तसं शिकवलंसुद्धा.

एवढ्यावर थांबलो असतो तर फक्त चौथी बिघडली असती. पण अलिबागेत एक वकील होते, त्यांना पक्षी मारून, भुसा भरून काचेच्या कपाटात ठेवायचा नाद होता. ढोकरी त्यांच्याकडे होती. तुमच्याकडे नसलेला पक्षी आमच्या उघाडीवर रोज बसतो, असं मी त्यांना ऐटीत कळवलं. कपाटात त्या पक्ष्याखाली माझं नाव चिकटवाल, ही अपेक्षा लिहिली नव्हती, पण होती.

श्रावणातल्या एका रविवारी वकीलसाहेब छकड्यातून उतरले, खांद्याला बंदूक. श्रावणात ते मासळीलाही शिवत नसत. हा पक्षी खायचा नाही, भरायचा आहे, म्हणून चालतं, असा खुलासा त्यांनी मी न विचारताच केला.

उघाडीची राखण एका आगरी घराकडे होती आणि खरं काम त्या घरातली म्हातारी करायची. तिला आम्ही काकी म्हणत असू. बंदूक पाहिली आणि ती बांधावर आमच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"कोनाला मारता? ती माझी ढोकरी हाय."

मी तिला समजावलं की ही ढोकरी नव्हे, ढोकरी गेली, हा जांभळपाठ्या. काकी म्हणाली, तुम्ही गावाला गेलात तवा तिनं रंग घेतला, रोज थोडा थोडा, मी भरती-ओहोटीला हितंच असते, मला ठाव न्हाय व्हय. वकिलांनी तिला बाजूला व्हायला सांगितलं. ती हलली नाही. मग धंद्याच्या सवयीनं ते माझ्याकडे वळले.

"मास्तर, तुमची वही काढा. दोन्ही नोंदी वाचा."

मी मोठ्या आवाजात वाचलं. ढोकरी: मुक्काम उघाडीचा खुंट, डाव्या पायाचं मधलं बोट वाकडं. मग जांभळपाठ्या: मुक्काम उघाडीचा खुंट, डाव्या पायाचं मधलं बोट वाकडं. दुसरं वाकडं बोट वाचलं आणि मी वही मिटायला गेलो. खाली मी टीप दिली होती की वाकडं बोट ही खाडीकाठच्या खाजणातल्या पक्ष्यांची खूण असावी.

वकिलांनी बंदुकीतलं काडतूस काढून खिशात टाकलं आणि ते छकड्याकडे चालू लागले. तेवढ्यात ओहोटीनं झडप उघडली, पाणी खळाळलं. ढोकरीनं मान लांबवून एक मासा उचलला आणि ती आमच्यावरून पलीकडच्या बांधाकडे उडाली. जांभळी पाठ दोन पांढऱ्या पंखांत अशी मिटून गेली की लाजायचं सोडून मी बघतच राहिलो. ती पाठ एका बाईनं महिनाभर पिसापिसानं रंगताना पाहिली होती. माझ्या दुर्बिणीनं मात्र शेवटचा रंगच पाहिला होता.

मी काकीची माफी मागितली. तिनं पदर खोचला, झडपेत अडकलेलं शेवाळ ओढून काढलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "मास्तर, उद्या मी लुगडं बदलून आले तर नवी बाई म्हनून वहीत लिवाल, नि बंदूकवाल्याला बोलवाल."