डॉक्टरम्मा

त्या मृत्यूची आठवण झाली की आजही मला आधी राग येतो, वाईट नंतर वाटतं. हैदराबादेत तेव्हा खाजगी दवाखान्यांचं पीक आलं होतं. बाहेर काचा, आत एसी, आणि नर्सांना ताकीद: हसतमुख राहा, डॉक्टरांना उलट विचारू नका.

मी नल्लकुंट्याच्या ठाण्यात इन्स्पेक्टर होतो. सकाळची हजेरी चालू असताना काचीगुड्याच्या एक मराठी बाई आल्या. नवरा शाळामास्तर, हर्नियाच्या ऑपरेशनला भरती झालेला. इंजेक्शन टोचलं आणि माणूस गेला.

"साहेब, ह्यांना ते इंजेक्शन सोसत नाही, हे मी सिस्टरला बजावलं होतं."

पंचनामा केला, शवविच्छेदन झालं. बाईंचं म्हणणं खरं निघालं. नर्सला चौकशीला बोलावलं. कोवळी पोर. महिला कॉन्स्टेबलने दिलेला पाण्याचा ग्लास नुसता धरून बसली.

"बाईंनी सांगितलं होतं तुला?"

"बोले थे साब."

"मग डॉक्टरांना का नाही विचारलंस?"

तिने ग्लास तसाच टेबलावर ठेवला. डॉक्टर मात्र ऐटीत म्हणाले, "विचारलं असतं तर लगेच बदललं असतं." दवाखान्याने तिला काढूनही टाकलं होतं. झालं, मिटलं प्रकरण!

उकल झाली ती वॉर्डात. बाकीच्यांचे जबाब घ्यायला गेलो, तर वॉर्डबॉय एका दुसऱ्याच नर्सला ओरडला, "ओ डॉक्टरम्मा, चाय पिलाव!" सगळे फिदीफिदी हसले. तेलुगूत डॉक्टरीणबाईंना असं म्हणतात. नर्सला कशाला? मी तिला बाजूला घेतलं.

"डॉक्टरसाबकू डोस पूछी थी मैं. सबके सामने बोले, डॉक्टर तू है की मैं? तबसे येइच नाम पड़ गया."

"डोस चुकला होता का?"

"हौ साब. बाद में चुपके से बदल दिए."

मग त्या पोरीचं गप्प बसणं मला कळलं. तिलाही डॉक्टरम्मा व्हायचं नव्हतं.

डॉक्टर आणि दवाखान्याचा मालक, दोघांनाही आरोपी करायला निघालो. पण हा जबाब लेखी द्यायला एकजणही पुढे येईना. "नौकरी जाती साब." आरोपपत्र एकट्या पोरीवर गेलं. शिक्षाही तिलाच झाली.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात बाई तिच्यासमोर उभ्या राहिल्या. "माझं ऐकलं होतंस ना गं?"

"सुनी थी अम्मा. पूछी नै."

डॉक्टरम्माची गोष्ट मी बाईंना सांगितली होती. त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "आणि तिला पुसू न देणारे कुठे आहेत, साहेब?"

कायद्याला सुई टोचणारा हात सापडतो, तोंड बंद करणारा सापडत नाही. लोक दवाखाना निवडताना फरशी बघतात. अहो, फरशी काय बघता? तिथली सिस्टर डॉक्टरांना परत एकदा विचारते का, आणि विचारलं की कोणी हसतं का, ते बघा.