बायकोचं वजन आणि चाकातली हवा

निजामाच्या राज्यात आमच्या दिंद्रुडला फटफटी एकच होती, आणि ती माझी होती. बीडच्या कुण्या साहेबानं वापरून खिळखिळी केलेली. पण तिच्यावर बसलो की मीच साहेब. बायको मागं बसली की मात्र भांडण ठरलेलं. चाकात हवा जास्त झाली की ती दगडागणिक हातभर उडायची, कमी झाली की काळ्या मातीत रुतलेली फटफटी तिलाच ढकलावी लागायची.

शेवटी बीडच्या मिस्त्रीला विचारलं. तो म्हणाला, "मियाँ, बैठनेवालों का वजन देखके हवा भरो."

झालं! बाजाराच्या दिवशी मी बायकोला आडतीवर नेऊन धान्याच्या तराजूत बसवलं. आता आमच्याकडं धान्य मापताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत न्हाईत, 'लाभ' म्हणतात. मापाड्याच्या जिभेला तीच सवय. त्यानं मणाचं वजन टाकलं आणि सवयीनं ओरडला, "लाभ!"

सगळा बाजार पोट धरून हसला. लाज वाटते सांगायला, पण मीबी हसलो.

"मी काय जवारीचं पोतं हाय?" एवढंच बोलून ती त्याच दिवशी, बाजाराला आलेल्या भावाच्या बैलगाडीतून माहेरी, नांदूरघाटला गेली.

दोन महिने मी स्वतःच्या हातच्या करपलेल्या भाकरी खाल्ल्या. फटफटीवरची मागची जागा खायला उठायची. करमंना, तसा न्यायला गेलो.

जावयाला आधी गूळपाणी देतात. सासऱ्यांनी मला ओसरीत टांगलेला तराजू दाखवला. "बसा, जावईबापू."

गल्ली जमलेली. करतो काय? धोतर सावरत बसलो. सासऱ्यांनी वजन टाकलं आणि दाराआडून बायकोचा खणखणीत आवाज आला, "लाभ!"

लोक खदखदून हसले. तिला त्या दिवशी काय वाटलं असंल, ते मला त्या पारड्यात बसल्यावर कळलं. लई वाईट वाटलं. "चुकलं माझं," मी सगळ्यांदेखत म्हणालो.

तवा कुठं ती गाठोडं घेऊन बाहेर आली. किती वजनाला किती हवा, असा मणाशेरांचा हिशेब मी सांगू लागलो, तिनं ऐकलाच न्हाई. मला फटफटीवर बसवलं, आपण मागं बसली, चाक किती दबतंय ते वाकून बघितलं. मग उतरून फुस्सकन थोडी हवा सोडली आणि परत बसली.

रस्ताभर ती एकदाबी उडली न्हाई. दिंद्रुडच्या वेशीपाशी मी विचारलं, "हवा किती काढलीस गं?"

"कुणाची?" मागून आवाज आला. "चाकाची, का तुमची?"