सतराचा पाढा

पालीच्या स्टँडवर माझं चहाचं दुकान आहे. वरच्या वाडीतल्या शाळेचे गुरुजी रोज उभ्यानंच चहा घेतात. माणूस घाटावरचा. शाळेत मुलं किती, विचारलं की म्हणतात, "तीन. पण तिघंही हुशार."

गणपतीच्या सुट्टीत बाकीचे मास्तर घरी पळतात, हे थांबतात. यंदा मी म्हटलं, "आई वाट बघत असेल हो, गुरुजी."

"मुंबईला गेलेली पोरं ह्याच पाच दिवसांत गावी येतात. शाळा उघडी दिसली की येऊन बसतात."

विसर्जनानंतर मुंबईची गाडी सुटताना खिडकीतून एक मुलगी ओरडली, "गुरुजी, सतराचा पाढा राहिला!"

गुरुजी गाडीबरोबर चालत मोठ्यानं पाढा म्हणू लागले. सतरा पंचे पंच्याऐंशीला गाडी वळणाआड गेली. उरलेला पाढा त्यांनी रिकाम्या रस्त्याकडे बघत, एकशे सत्तरपर्यंत पुरा केला.