खळ तडकू नये म्हणून

इथे आखातात, अल गराफात, आमच्या शेजारी एक जपानी बाई राहतात. नक्षी कोरलेला कागद कापडावर ठेवून त्या तांदळाची खळ फिरवतात. रंगवून धुतलं की खळीखालची नक्षी पांढरी उरते. त्यांच्या गावात ही बुडालेली कला पुन्हा सुरू झाली आहे. एक तरी धड कापड तिकडे पाठवायचं, हा त्यांचा ध्यास. पण इथल्या कोरड्या हवेत खळ तडकते. ‘खळ’ हा शब्द त्यांनी माझ्या आईकडून उचललेला.

काल मी कॉलेजमधून आले, तेव्हा दमट हवेने सगळे वैतागले होते. बाई मात्र दारात हसत, चल म्हणून खुणावत उभ्या होत्या. "यल्ला, टुडे खळ."

त्यांनी एसी बंद करून खिडक्या उघडल्या. त्या दमट हवेत खळ तडकली नाही.

"माय व्हिलेज एअर," त्या हळूच म्हणाल्या.

मला कोकणातलं घर आठवलं. बहुतेक म्हणूनच मी घाम पुसला नाही.